गावातल्या कुत्र्याचा डॉक्टर गावातच हवा

"कुत्र्या-मांजरासाठी दवाखाना निवडायचा असेल तर शहरातलाच निवडा. गुरांच्या दवाखान्यात त्यांना नेण्यात अर्थ नाही." हा सल्ला आता बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातही सर्रास ऐकू येतो. पुण्याला, संभाजीनगरला शिकायला गेलेली मुलं सुट्टीत घरी आली की तो देतात. गावातली जाणती माणसंही दुसऱ्या बाजूनं तेच सांगतात: "इथं कुत्र्याला कोण बघतं?" मुलांना गावचा दवाखाना कमी दर्जाचा वाटतो आणि जाणत्यांना कुत्र्यासाठी दवाखाना लागतो हेच पटत नाही. दोघांच्या बोलण्यातून निघतं ते एकच, की तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावचं कुत्रं आजारी पडलं तर त्यानं शहर गाठावं, नाहीतर मरावं. या समजुतीपायी बरी होऊ शकणारी जनावरं मरतात आणि एका रोगाच्या बाबतीत माणसंही मरतात. म्हणून तिचं खंडन करायला हवं.

उमापूर परिसरातलं कुत्रं मरतं कशानं, तिथून सुरुवात करू. हा कापसाचा आणि उसाचा भाग आहे. फवारणीच्या दिवसांत औषध लागलेलं काहीतरी कुत्रं खातं किंवा औषधाच्या डब्यातलं पाणी पितं. तोंडातून लाळेच्या धारा लागतात, अंग थरथरतं, बाहुल्या बारीक होतात. ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा अशी दिसते. तिच्यावर ॲट्रोपिनचं इंजेक्शन आहे, पण ते काही तासांच्या आत मिळायला हवं. उसाच्या फडात घोणस किंवा नाग चावला तर कुत्र्यालाही तेच सर्पविषरोधक चालतं जे माणसाला देतात, आणि तिथंही जनावराचं आयुष्य ठरतं ते घड्याळावर. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला पार्व्हो झाला की उलट्या आणि रक्ताची हगवण सुरू होते. अंगातलं पाणी तुटून दोन-तीन दिवसांत पिल्लू जातं. पार्व्होच्या विषाणूला मारणारं खात्रीचं औषध गावातही नाही आणि शहरातही नाही. पिल्लू वाचतं ते शिरेतून सलाइन देऊन, उलटी थांबवून आणि बाकीचे जंतू आवरून. कुत्रं वाहनाखाली येतं तेव्हा आधी रक्तस्राव थांबवायचा असतो. पावसाळ्यात कानामागच्या किंवा शेपटीजवळच्या छोट्या जखमेत अळ्या पडतात आणि चार दिवसांत त्या मांस पोखरतात. तिथं जखम धुऊन अळ्या काढणारा हात हवा, आणि तोही रोज.

या सगळ्यांत समान गोष्ट आहे ती वेळेची. उमापुराहून आधी गेवराई गाठायची, तिथून महामार्गानं संभाजीनगर नव्वदेक किलोमीटर. गाडीवाला कुत्रं बसवून घेईल की नाही याची खात्री नाही, आणि घेतलंच तर भाडं दुप्पट. इतक्या अंतरावरचं रुग्णालय कितीही उत्तम असो, विष खाल्लेल्या कुत्र्याच्या दृष्टीनं ते नसल्यासारखंच. ज्यांची घरं त्या रुग्णालयापासून दहा मिनिटांवर आहेत त्यांच्यासाठी शहरी सल्ला बरोबर असेल. उमापूरला तो लागू करताना अंतर हिशेबातच धरलं जात नाही.

आता त्या सल्ल्यातल्या मुख्य आक्षेपाकडे येतो. गुरांच्या डॉक्टरला कुत्र्यातलं काय कळणार? हा प्रश्न विचारणाऱ्यांना एक साधी गोष्ट ठाऊक नसते. भारतात कुत्र्यांच्या डॉक्टरची वेगळी पदवी नाही. पशुवैद्यकाची पदवी एकच, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची, आणि तीत गाय, म्हैस, शेळी, घोडा, कोंबडी यांच्याबरोबर कुत्रा आणि मांजर शिकवलेले असतात. त्यांची शरीररचना, त्यांचे रोग, त्यांची शस्त्रक्रिया, सगळं त्यात येतं. शहरातल्या काचेच्या दाराच्या क्लिनिकमध्ये बसलेला डॉक्टर आणि जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातला पशुधन विकास अधिकारी हे बहुतेक वेळा परभणी, उदगीर, शिरवळ, नागपूर किंवा मुंबई अशाच कुठल्यातरी महाविद्यालयातून आलेले असतात. पुढे पदव्युत्तर शिक्षणात कुणी शस्त्रक्रिया घेतो, कुणी औषधशास्त्र, पण व्यवसाय करण्याची नोंदणी सगळ्यांची सारखीच.

या विद्येचा आपल्याकडचा इतिहासही हेच सांगतो. परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय 1883 मध्ये उभं राहिलं. शेठ दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून ते झालं आणि त्याला त्यांच्या पत्नीचं नाव दिलं गेलं. 1886 मध्ये त्याच्याच आवारात मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्या काळात मुंबईच्या रस्त्यांवर ओझी ओढणारे बैल आणि घोडे हे तिथले मोठे रुग्ण होते. पुढं त्याच छताखाली मुंबईकरांची कुत्री-मांजरं बरी झाली. बैल तपासणारे हात कुत्र्याला चालत नाहीत हा भेद त्या रुग्णालयानं कधी केला नाही. तो केलाय तो आपण, आणि तोही अलीकडे.

मात्र आक्षेपात तथ्य आहे तेवढं मान्य करायलाच हवं. वर्षानुवर्षं म्हशींचीच शीर शोधलेल्या डॉक्टरला दोन किलोच्या मांजराची शीर सापडायला वेळ लागेल. सवय हाही ज्ञानाचाच भाग असतो. पण सवय लागणार कशी? गावातलं एकही मांजर त्याच्या टेबलावर येत नसेल तर त्याचा हात बसणार नाही आणि सरकारी औषधांच्या मागणीत कुत्र्याची लसही येणार नाही. दवाखान्याच्या नोंदवहीत कुत्रं दिसत नाही म्हणून लस मागवली जात नाही, लस नाही म्हणून लोक कुत्रं नेत नाहीत, आणि नेत नाहीत म्हणून ते नोंदवहीत दिसत नाही. हे चक्र कुठून तरी तोडायचं तर ते आपल्या बाजूनंच तोडता येतं. कुत्रं घेऊन जायचं, केसपेपर काढायचा आणि नोंद करायला लावायची.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: दवाखाना आहे, पण डॉक्टर कुठे आहे? जिल्हा परिषदेचे पशुवैद्यकीय दवाखाने परंपरेनं दोन श्रेणींचे. श्रेणी एकला पदवीधर पशुवैद्यक असतो. श्रेणी दोनचा कारभार पदविकाधारक पर्यवेक्षकाकडे असतो. रिक्त पदांमुळे एका डॉक्टरकडे दोन-तीन दवाखान्यांचा कारभार असणं मराठवाड्यात नवं नाही. राष्ट्रीय कृषी आयोगानं 1976 च्या अहवालात पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्यक असावा अशी शिफारस केली होती. ती होऊन अर्धशतक उलटलं. ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावरून "म्हणून शहरात जा" हा निष्कर्ष निघत नाही. शाळेत शिक्षक नसला तर आपण पंचायत समितीच्या दारात बसतो, शाळा बंद करा असं म्हणत नाही.

मधल्या काळात ही पोकळी कोण भरतं ते बघा. गावोगाव मोटरसायकलवर पेटी बांधून फिरणारी माणसं भरतात. त्यांतले काही अनुभवी आणि प्रामाणिक असतील. पण कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 च्या कलम 30 नुसार राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी असलेल्या पशुवैद्यकालाच हा व्यवसाय करता येतो. पदविकाधारकांना राज्य सरकारनं ठरवून दिलेल्या किरकोळ सेवा देता येतात, आणि त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. म्हणून दवाखाना निवडताना पहिला प्रश्न इमारतीचा किंवा एसीचा नसतो, तो असतो: डॉक्टरसाहेब, तुमचा नोंदणी क्रमांक काय? प्रश्न नम्रपणे विचारावा, पण विचारावाच. खरा डॉक्टर त्यानं रागावत नाही.

याहून धोकादायक पोकळी मेडिकलचं दुकान भरतं. कुत्रं लंगडतंय, मांजराला ताप आहे, असं सांगितलं की माणसाची गोळी अर्धी करून दिली जाते. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते औषध निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार दुबळी असते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या तपकिरी पडतात, आणि एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात. डायक्लोफेनॅकची गोष्ट तर आपल्या आकाशानं भोगली आहे. ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडं मूत्रपिंडं बिघडून मेली, म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आजही दुखण्यावरची गोळी म्हणून ते कुत्र्याच्या तोंडात घातलं जातं. घरच्या माणसानं ते प्रेमानं घातलेलं असतं, आणि जनावर मेल्यावर "आयुष्य तेवढंच होतं" म्हणून विषय संपतो. जवळ विचारायला डॉक्टर असता तर ती गोळी दिलीच गेली नसती.

आता सगळ्यांत गंभीर गोष्ट, रेबीज. कुत्रं पिसाळलं की त्याला उपचार नाही, आणि माणसात लक्षणं दिसू लागल्यावर त्यालाही जवळजवळ नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 59 हजार माणसं यानं मरतात. त्यांत लहान मुलं खूप असतात, कारण चावल्याचं ती घरी सांगत नाहीत. माणसाला कुत्रं चावल्यावर शून्य, तीन, सात, अठ्ठावीस असे दिवस मोजत रुग्णालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात. ऊन-पावसात मजुरी बुडवून त्या मारल्या जातात. त्याउलट कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर एक लस, मग डॉक्टर सांगतील तो बूस्टर आणि पुढं दरवर्षी एक. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर तिथं रोगाचा फैलाव थांबतो, हे अनेक देशांत सिद्ध झालंय. आता सांगा, उमापूर आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या सत्तर टक्के कुत्र्यांना संभाजीनगरच्या खास रुग्णालयात नेणार कोण? हे काम शहरातलं कुठलंही रुग्णालय करू शकत नाही. ते गावच्या दवाखान्याचंच काम आहे. केंद्र सरकारनं कुत्र्यांमुळे होणारा रेबीज 2030 पर्यंत संपवण्याचं उद्दिष्ट ठरवलंय. ते गाठायचं असेल तर उमापूरसारख्या गावांमधूनच गाठावं लागेल.

बीड जिल्ह्याला यात आणखी एक जबाबदारी आहे आणि तिचा उल्लेख मी कुठे वाचलेला नाही. दसरा-दिवाळीनंतर इथल्या ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, लेकरं, बैल, शेळ्या, आणि बरोबर कुत्रंही. फडाजवळच्या कोपीत आई-बाप पहाटे कोयता घेऊन निघून गेले की मागं राहिलेल्या लेकरांची राखण तेच करतं. काही कुत्री गावातच मागं राहतात, म्हाताऱ्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या भरवशावर. म्हणजे पाच-सहा महिने हजारो कुत्री दोन राज्यांत हिंडतात, दुसऱ्या कुत्र्यांशी भांडतात, चावून घेतात आणि परत येतात. लस दिल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे टोळीबरोबर जाणाऱ्या कुत्र्याला लस द्यायची ती सप्टेंबरमध्ये. हे वेळापत्रक शहरातल्या कुठल्याही रुग्णालयाच्या भिंतीवर लागणार नाही. ते माहीत असणारा डॉक्टर गावचाच असतो.

"पाळीव कुत्रं-मांजर हे शहरी लोकांचे लाड" असं म्हणणाऱ्यांनी त्या कोपीजवळच्या कुत्र्याकडे बघावं. 2020 च्या नोव्हेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा अंधारात आधी कुणाला चाहूल लागत होती हे वस्तीवरच्या माणसांना विचारावं. घरातल्या धान्याच्या पोत्यांवर बसणारं मांजरही त्या घराचं धान्य वाचवत असतं. ज्वारीच्या कणगीतले उंदीर कमी झाले म्हणजे साप घराकडे फिरकायचेही कमी होतात. ही जनावरं राबतात. राबणाऱ्या बैलाला दवाखाना हवा हे आपण मानतो, मग यांनाच का नको?

आणि समजा एखादं जनावर राबत नाही. म्हातारं झालंय, अंगणात झोपून असतं. तरी त्याच्या वेदनेवर इलाज मागणं ही चैन नाही. डिसेंबर 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव जगभरच्या बातम्यांत आलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर आणि छतांवर नेत होती, पिल्लं पडून किंवा उपासानं मरत होती. अडीचशे पिल्लं मेल्याचा आकडा सांगितला गेला आणि त्यावर वादही झाले. वनखात्यानं दोन वानरं पकडली. वानरांनी सूड उगवल्याची कथा जगभर रंगली, चित्रं फिरली. पण छतावरून पडूनही जिवंत राहिलेल्या पिल्लाचा मोडलेला पाय बांधायला कुठे न्यायचं, हा प्रश्न मला एकाही बातमीत दिसला नाही. मला त्या वेळीही हे अस्वस्थ करत होतं आणि आजही करतं.

शहराला माझा विरोध नाही. मुंबईत महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्टनं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय उभं केलं, ही राज्यासाठी चांगलीच गोष्ट आहे. हाडाला प्लेट बसवायची असेल, पोटातली गाठ सोनोग्राफीनं बघायची असेल, अडलेल्या कुत्रीचं सिझेरियन करायचं असेल, तर यंत्रं आणि भुलीची नीट सोय असलेलं ठिकाण लागतंच. मराठवाड्यात परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यासाठीच आहेत. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी जवळचा डॉक्टर. परभणीला जायचं की नाही हे त्यानं ठरवावं, आणि पाठवताना काय दिलं, किती दिलं, ते कागदावर लिहून द्यावं. ज्या डॉक्टरला "हे माझ्याच्यानं होणार नाही, पुढं न्या" असं वेळेवर म्हणता येतं, तो चांगला डॉक्टर.

बाकी पारख दवाखान्यात शिरल्यावर डोळ्यांनी होते. कुत्र्याला सुई टोचण्याआधी त्याचं वजन केलं जातं का हे बघा. औषधाची मात्रा किलोवर ठरते, आणि गुरांसाठीच्या बाटलीतून अंदाजानं भरलेली सिरिंज तीन किलोच्या पिल्लाला मारू शकते. लस कुठे ठेवली आहे ते विचारा. ती दोन ते आठ अंश सेल्सियसमध्येच टिकते. आपल्याकडे वीज तासन्‌तास जाते, तेव्हा फ्रिजचं काय होतं, बर्फाची पेटी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. उन्हात पिशवीतून आलेल्या लसीनं कुत्र्याला काहीच होत नाही, अपाय नाही आणि उपायही नाही, आणि मालक वर्षभर निर्धास्त राहतो. लसीच्या बाटलीवरचं लेबल कार्डावर चिकटवून घ्या. सुई नवी आहे ना, ते बघा. रात्री फोन कोण उचलतो, ते दिवसाच विचारून ठेवा. फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा 1962 हा क्रमांकही फोनमध्ये असू द्या.

एका रोगाचं नाव इथं मुद्दाम घेतो, कारण त्यावरून जवळच्या दवाखान्याचं मोल नेमकं कळतं. गावठी कुत्र्यांच्या लघवीच्या जागी रक्ताळ, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ येते. लोक हाकलून देतात, दगड मारतात, "सडलंय" म्हणतात. हा एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारा कर्करोग आहे, आणि विनक्रिस्टीन या औषधानं तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. आठवड्याला एक इंजेक्शन, साधारण चार ते सहा आठवडे, तेही काळजीपूर्वक शिरेतच. औषध महाग नाही, त्याला मोठं यंत्र लागत नाही. पण दर आठवड्याला त्या कुत्र्याला नव्वद किलोमीटर नेणारा माणूस मिळत नाही. गावात नोंदणीकृत डॉक्टर असेल तर तो रोग बरा होतो. नसेल तर कुत्रं महिनोन्‌महिने सडत मरतं आणि जाता जाता दुसऱ्यांना तोच रोग देऊन जातं.

तेव्हा उमापूरकरांना माझी विनंती आहे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा: कुत्र्या-मांजरांवरही गावातच नोंदणीकृत पशुवैद्यकाकडून उपचार व्हावेत, दवाखान्यात कुत्र्यांची रेबीजची लस पुरेशी मागवावी, आणि टोळ्या निघण्याआधी लसीकरणाचं शिबिर व्हावं. ठरावाची प्रत पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या. 28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. ठराव आणि तो दिवस यांच्यामध्ये सहा आठवडे मिळतात, आणि एका गावाची लस मागवायला तेवढा वेळ पुरतो.